चूक पुसली की धडाही पुसला जातो

मोबाइलवर सध्या एक नव्या तऱ्हेचे सुभाषित फिरते. मागे नगाऱ्यांचा आवाज, समोर खवळलेला समुद्र, होडीच्या नाळेवर उभा असलेला दाढीवाला योद्धा आणि खाली दोन ओळींत आयुष्याचा धडा. हा योद्धा बहुतेक वेळा 'व्हायकिंग्ज' या मालिकेतला असतो. मायकेल हर्स्ट यांनी लिहिलेली आणि हिस्टरी वाहिनीसाठी तयार झालेली ही मालिका २०१३ ते २०२० या काळात सहा पर्वांत, ८९ भागांत आली. अख्खी मालिका पाहिली नाही तरी तिचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे आता पैनगंगेकाठच्या इस्लापुरात एस.टी.ची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलापर्यंतही पोचतात. रॅग्नारकडून धाडस शिका, लागेर्थाकडून स्वाभिमान, फ्लोकीकडून कल्पकता, आयव्हरकडून जिद्द, अशा याद्याच तयार आहेत. तरुणांनी पडद्यावरच्या माणसांकडून काही घ्यावे यात वावगे काहीच नाही. आपल्या कित्येक पिढ्या कीर्तन, पोवाडा आणि तमाशाच्या फडावरून जगण्याचे शहाणपण घेत आल्या. पण या याद्यांत एक खोट आहे. त्यांतला प्रत्येक धडा पात्राच्या पराक्रमातून काढलेला असतो, चुकीतून काढलेला एकही नसतो. त्यामुळे मालिकेचा जो खरा ऐवज आहे तोच बाहेर राहतो. आणि ही खोट त्या याद्यांपुरती नाही. आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे, त्यावरच्या मालिकांकडे पाहतानाही आपण हेच करतो.

लागेर्थाचेच उदाहरण घेऊ. नवरा रॅग्नार याच्यापासून गरोदर असलेली दुसरी बाई दारात येते आणि तो तिलाही घरात ठेवू पाहतो तेव्हा लागेर्था आकांडतांडव करत नाही. ती निघून जाते, स्वतःच्या बळावर उभी राहते आणि पुढे एका प्रदेशाची सत्ताधीश होते. स्वाभिमानाचा धडा इथवर बरोबर आहे. पण मालिका इथे थांबत नाही. अनेक वर्षांनी लागेर्था रॅग्नारचे गाव कट्टेगाट जिंकून घेते. जिच्यामुळे संसार मोडला ती आस्लॉग समोर येते, तलवार खाली ठेवते आणि सुखरूप जाऊ देण्याची विनंती करते. लागेर्था वाट मोकळी करते. आस्लॉग पाठ फिरवून चालू लागते आणि लागेर्था धनुष्य उचलून तिच्या पाठीत बाण मारते. या एका बाणाने आस्लॉगचा मुलगा आयव्हर आयुष्यभराचा वैरी होतो, भाऊ भावाविरुद्ध उभे राहतात आणि जे राज्य मिळवले ते सुखाने भोगणे लागेर्थाच्याही नशिबी येत नाही. जुने दुखणे जपून ठेवले की ज्या दिवशी आपण जिंकतो त्याच दिवशी ते आपल्या हातून अन्याय करवते. हा तिच्या आयुष्याचा पुरता धडा आहे. रीलमध्ये फक्त तिची ढाल दिसते, बाण दिसत नाही. ढाल पाहून टाळ्या वाजवता येतात. स्वतःला काही विचारावेसे वाटते ते बाण पाहिल्यावर.

रॅग्नार लोथब्रोकचे तसेच. मालिकेतला रॅग्नार मुळात शेतकरी आहे. पश्चिमेला जायचा त्याचा ध्यास नुसत्या लुटीचा नाही, त्याला माणसे वसवायला सुपीक जमीन हवी आहे. वेसेक्सचा राजा एक्बर्ट त्याला जमीन देतो, कुटुंबे जाऊन वसतात, नांगर धरतात. पुढे एक्बर्टच ती वसाहत कापून काढतो. वाचलेला एक माणूस कसाबसा परत येऊन ही बातमी रॅग्नारला सांगतो. पॅरिसवरची मोहीम तोंडावर आली आहे. लोकांना कळले तर ते सूड मागतील आणि मोहीम बारगळेल. रॅग्नार त्या माणसालाच मारून टाकतो आणि बातमी पोटात ठेवतो. शूर, जिज्ञासू, मुलांवर जीव टाकणारा हा पुढारी आपल्याच भोळ्या माणसांचा विश्वासघात करतो, आणि तोही त्यांच्या भल्यासाठी करतो आहे अशी स्वतःची समजूत घालून. पुढे ते उघडकीला येते तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नसते. गावच्या सरपंचापासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत, आणि घरच्या कर्त्या माणसापर्यंत, ज्याने कोणी 'आत्ता सांगायला नको, काम होऊ दे' असे म्हणून वाईट बातमी दाबली असेल त्याला हा प्रसंग लागू पडतो. रॅग्नारच्या धाडसाचे अनुकरण करण्याची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. त्याच्या या चुकीचे अनुकरण आपण रोज करण्याची शक्यता आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: ऐतिहासिक मालिका आयुष्याचे काही शिकवते ती चुकणाऱ्या माणसांच्या आधारे. मोठ्या माणसाची चूक, त्या चुकीचे फळ, आणि फळ भोगताना तो कसा वागला, या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच पाहणाऱ्याला आपल्या जगण्याशी सांधा जुळवता येतो. याला जोडून दुसरी अट अशी की समोरचा माणूस मूर्ख दाखवता कामा नये. एक्बर्ट कपटी आहे, पण तो रॅग्नारइतकाच बुद्धिमान आहे, ग्रंथ वाचणारा आहे, दूरचे पाहणारा आहे. शत्रू अकलेचा कांदा असेल तर त्याला हरवण्यात कर्तृत्व कसले? आपल्या पडद्यावरचा शत्रू मात्र बरेचदा मांसाचा तुकडा फाडत, गडगडाटी हसत, चार वाक्यांत आपला मूर्खपणा सिद्ध करून मरायला तयार असतो. यात शत्रूवर अन्याय होतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी आपल्या वीरांवर तो नक्कीच होतो.

आपल्याकडे अशा माणसांची वाण आहे म्हणून हे घडते असे कोणी म्हणेल तर त्याने इस्लापूरहून पैनगंगेच्या वाहत्या पाण्याबरोबर माहूरपर्यंत जावे. रेणुकामातेचे हे माहूर सतराव्या शतकात उदाराम देशमुखांच्या घराण्याकडे होते आणि त्या घराण्यातली एक स्त्री स्वतः फौज घेऊन लढायला जात असे. तिचे नाव सावित्रीबाई असल्याचे सांगतात. इतिहासाला ती रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, या किताबाने माहीत आहे. लागेर्था खरी होती की नाही हे सांगता येत नाही. तिची कथा बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधीवर लिहिणाऱ्या सॅक्सो या डॅनिश इतिहासकाराच्या ग्रंथातून येते. रायबागन मात्र खरी होती, मराठवाड्याच्या मातीतली होती. तरीही मराठवाड्यातल्या शाळेतल्या किती मुलींना तिचे नाव माहीत असेल? कारण उघड आहे. ती मोगलांच्या चाकरीत होती आणि शिवाजी महाराजांच्या विरोधी फौजेत होती.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरवले, तेव्हा त्या फौजेत रायबागनही होती. सह्याद्रीवरून खाली उतरताना ही फौज आजच्या खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत अडकली. दोन्ही बाजूंना डोंगर, अंगावर येणारे रान, मधून अरुंद पायवाट, प्यायला पाणी नाही आणि झाडीतून बाण आणि गोळ्यांचा मारा. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' महाराजांच्या काळातलेच, महाराजांच्या गौरवासाठी रचलेले. त्या काव्यात या घटकेला सर्वांत शहाणे बोलणे आले आहे ते रायबागनच्या तोंडी. या रानात शिरलो हीच चूक झाली हे ती सेनापतीला स्पष्ट सांगते आणि माणसे मरू द्यायची नसतील तर महाराजांना शरण जाऊन वाट मागून घ्या असा सल्ला देते. कारतलबखान ऐकतो. महाराज त्यांचे सामानसुमान, खजिना ठेवून घेतात आणि माणसांना जाऊ देतात. विरुद्ध बाजूच्या स्त्रीचे शहाणपण मोकळ्या मनाने नोंदवताना परमानंदांना महाराजांचा अवमान होतो असे वाटले नाही. उलट अशी पारखी, रणात मुरलेली माणसे ज्याच्यापुढे हात टेकतात तो राजा किती मोठा, हेच त्यातून उभे राहिले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कवीला जे जमले ते आजच्या पटकथाकाराला अवघड का जावे?

उंबरखिंडीला जोडून दुसरा प्रसंग पाहिला की चुकीची किंमत अधिक लख्ख कळते. १६७३ मध्ये सरनोबत प्रतापराव गुजर यांनी उमराणीजवळ विजापूरच्या बहलोलखानाला कोंडले. इथेही पाण्यावाचून शत्रूची फौज कासावीस झाली, इथेही त्याने वाट मागितली आणि इथेही ती दिली गेली. पण महाराज प्रतापरावांवर नाराज झाले. वरवर पाहता दोन्हीकडे दयाच होती. मग एकीकडे ती योग्य आणि दुसरीकडे अयोग्य का? कारण उंबरखिंडीत शत्रूची नांगी मोडून मग त्याला सोडले होते; उमराणीला तो तसाच सुटला आणि पुन्हा चालून आला. महाराजांचा ठपका प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ बहलोलखान दिसताच ते मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि मारले गेले. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर आला होता. त्या सोहळ्याला स्वराज्याचा हा सरनोबत नव्हता. या बलिदानापुढे आपण मान झुकवतो आणि झुकवलीच पाहिजे. पण रागाच्या भरात सेनापतीने फौज मागे ठेवून जीव दिला, यात स्वराज्याचे केवढे नुकसान झाले हे बोललो नाही तर आपण प्रतापरावांकडून अर्धेच शिकलो. वरिष्ठाचा बोल मनाला लागून नोकरी, संसार, कधी जीवही उधळून देणारी माणसे आपल्या अवतीभवती आहेत. त्यांना नेसरीची नुसती स्तुती ऐकवणे धोक्याचे आहे. त्यांना हेही सांगायला हवे की याच राजाने पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, तेवीस किल्ले देऊन अपमान गिळला आणि काही वर्षांत गेलेले बहुतेक परत मिळवले. आणि हेही सांगायला हवे की प्रतापरावांची मुलगी महाराजांनी राजारामांसाठी सून करून घरात आणली. माणूस चुकला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही, हे महाराजांनी कृतीने दाखवले.

संभाजी महाराजांच्या आयुष्यातला एक अध्याय तर कोणत्याही मालिकेने डोक्यावर घ्यावा असा आहे. डिसेंबर १६७८ मध्ये, एकवीस वर्षांचा युवराज स्वराज्य सोडून मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेला. पुढच्या वर्षी मोगलांनी भूपाळगड घेतला तेव्हा आपल्याच माणसांची झालेली दैना त्याने पाहिली. वर्ष सरता सरता तो तिथून निसटला आणि पन्हाळ्याला परत आला. वडील त्याला भेटायला पन्हाळ्याला गेले. युवराजाचे दिलेरखानाकडे जाणे म्हणजे ठरवून टाकलेला डाव होता असे मानणारेही आहेत. मला ते मानण्याची गरज वाटत नाही. घरातल्या कलहाने दुखावलेला तरुण चुकीच्या दाराशी गेला, तिथले खरे रूप पाहून माघारी फिरला आणि त्यानंतर नऊ वर्षे औरंगजेबाच्या अफाट फौजेशी लढून १६८९ मध्ये हालहाल सोसतानाही वाकला नाही, यात त्याची उंची वाढते की घटते? घर सोडून गेलेल्या, व्यसनात किंवा वाईट संगतीत सापडलेल्या मुलाच्या बापाला या कथेत फार मोठा आधार आहे: परत येणाऱ्यासाठी गडाचा दरवाजा उघडा ठेवावा. ती चूकच पुसून टाकली तर परत येणेही पुसले जाते आणि त्या बापाच्या हाती काही उरत नाही.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मी जाणतो, आणि तो हलका नाही. आमच्या पूजनीय माणसांच्या चुका पडद्यावर आणल्या तर बदनामी करणाऱ्यांना मोकळे रान मिळेल, असे लोक म्हणतात. त्यांची भीती अनुभवातून आली आहे. संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून ज्यांना देहदंड दिला त्यांत बाळाजी आवजी चिटणीस होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली आणि तीत संभाजी महाराज व्यसनी, उतावळे म्हणून रंगले. नाटककारांनी, कादंबरीकारांनी तो रंग आणखी गडद केला. वा. सी. बेंद्रे यांनी हयातीतली कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे हा डाग पुसायला सुरुवात झाली. हा इतिहास माहीत असणारा माणूस 'चूक' या शब्दाने दचकला तर त्याला दोष देता येणार नाही. पण बेंद्र्यांनी केले काय, ते पाहा. त्यांनी कोणाचे तोंड बंद करा असे म्हटले नाही. त्यांनी पुरावा आणला. बखरकाराने रचलेला दोष वेगळा आणि कागदांत नोंदलेली घटना वेगळी. पहिल्याला उत्तर संशोधनाचे आहे. दुसरीला झाकण्याने उत्तर मिळत नाही, उलट झाकलेले काहीतरी आहे एवढीच शंका लोकांच्या मनात राहते. आणि याच प्रकरणात एक माणूस असा आहे की ज्याच्यावर स्वतंत्र मालिका व्हावी. ज्या बाळाजी आवजींना देहदंड झाला त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ त्याच राजाच्या सेवेत राहिला, राजाराम महाराजांच्या जिंजीच्या दिवसांत निष्ठेने उभा राहिला आणि शाहूंच्या काळापर्यंत स्वराज्याच्या कामी आला. बापाचा मृत्यू उरात ठेवून त्या मुलाने सूडाला नकार दिला. लागेर्थाच्या बाणाशेजारी खंडो बल्लाळांची लेखणी ठेवून पाहा. राजाची चूक दाखवायची नाही असे ठरवले तर खंडो बल्लाळांचा हा मोठेपणा दाखवताच येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की ज्या परदेशी मालिकेचा दाखला दिला तीच मुळात इतिहासाला धरून नाही. हे अगदी खरे आहे. इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावरचा हल्ला ७९३ सालचा आणि रोलोला फ्रँकांच्या राजाकडून नॉर्मंडीचा प्रदेश मिळाला तो ९११ मध्ये. मधली ११८ वर्षे मालिकेने एका पिढीत कोंबली आणि रोलोला रॅग्नारचा भाऊ करून टाकले. रॅग्नार स्वतः अर्धा दंतकथेतला. त्या मालिकेत रक्तपात बेसुमार आहे, आणि लूट व गुलामगिरी हा त्या समाजाचा धंदाच होता. यातले काहीही आपण घेऊ नये. शिवाय एक मोठा फरक आहे. रॅग्नारवर आज कोणाची श्रद्धा नाही. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आजही घराघरात आहेत. अकराशे वर्षांपूर्वीच्या दंतकथेत लेखकाने हवा तसा हात फिरवावा, ती मोकळीक आपल्या लेखकाला नाही आणि नसावी. इथे प्रत्येक प्रसंगाला कागदाचा आधार लागेल. पण घटना आणि तिचे फळ यांची साखळी न तोडण्याची जी शिस्त त्या मालिकेत आहे, तिला कोणत्या देशाचा शिक्का नाही. आणि आधार असेल तर आपल्या लेखकाला त्यांच्यापेक्षा जास्त बळ आहे, कारण त्याला काही रचावे लागत नाही.

तिसरा आक्षेप वाहिन्यांचा. लोकांना हे नको असते, टीआरपी मिळत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंवरची 'सावित्रीजोती' ही मालिका २०२० मध्ये सोनी मराठीवर आली आणि पुरेसा प्रतिसाद नाही म्हणून वर्षाच्या आतच थांबली, हे त्याचे उदाहरण म्हणून दिले जाते. प्रेक्षक म्हणून आपण त्या जबाबदारीतून सुटत नाही. पण दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. रणजित देसाईंच्या 'स्वामी'वरची दूरदर्शनची मालिका आजही रवींद्र मंकणींच्या माधवरावांसाठी लोकांच्या आठवणीत आहे. तिचा मुख्य ताण बाहेरच्या शत्रूशी नव्हताच. तो शनिवारवाड्यातल्या काका-पुतण्याचा होता, पानिपतानंतर मोडलेले घर सावरताना सत्तावीस वर्षांतच संपलेल्या आयुष्याचा होता. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही झी मराठीवरची मालिका सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० अशी जवळपास अडीच वर्षे चालली. शेवटी काय होणार आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्या शेवटाने काळीज फाटणार हेही ठाऊक होते, तरी लोक रोज रात्री टीव्हीसमोर बसत होते. दुःख, घरातली फूट, फितुरी हे सगळे पाहण्याची ताकद मराठी प्रेक्षकात आहे. त्याला लहान मूल समजून फक्त जयजयकार वाढत राहणे हा त्याचा अपमान आहे.

मुलांच्या मनात गोंधळ होईल, ही चौथी शंका. तिचे उत्तर आपल्या आजी-आजोबांनी कधीच देऊन ठेवले आहे. ज्या घरांत महाभारत सांगितले गेले त्या घरांतल्या मुलांना धर्मराजाने द्यूतात बायको पणाला लावली हे माहीत होते, आणि अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोलताच त्याचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला हेही माहीत होते. त्यामुळे धर्मराजाविषयीचा आदर संपला नाही; खोटे बोलणे किती महाग पडते हे मात्र जन्मभर लक्षात राहिले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भीष्म, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना माणसे म्हणून तपासले, त्यांच्या चुका मोजल्या. मराठी वाचकाने ते पुस्तक फेकून दिले नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले ते पुस्तक आजही वाचले जाते. देवाच्या अवताराची लबाडीही न लपवणाऱ्या कथेवर आपला समाज पोसला. त्या समाजाला माणसाची चूक सहन होणार नाही, हे पटत नाही.

या सगळ्याची खरी कसोटी मात्र तीनशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात नाही, ती जवळच्या इतिहासात आहे. इस्लापूरचा परिसर हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवरचा. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे स्वतंत्र झालेला भारत, उमरखेडच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांचे शिबिर. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. लाखोंची रक्कम हाती आली आणि तिचा हिशेब चोख ठेवला गेला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गांधींच्या नावाने चळवळीत आलेल्या आणि आता बंदूक हातात घेतलेल्या त्या तरुणांच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, यापेक्षा मोठे नाटक कोणत्या समुद्रापलीकडे शोधायचे? रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईने ते राज्य संपले, मराठवाडा मुक्त झाला. आणि त्यानंतरच्या दिवसांत कित्येक निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घेतले. त्याच अहवालात असेही आहे की काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, विणकरांनी विणकरांना वाचवले. मुक्तिसंग्रामावर मालिका झाली तर तीत उमरीचा चोख हिशेबही हवा, तो सूडही हवा आणि तो विणकरही हवा. सूड वगळला तर विणकराला पडद्यावर येण्याचे कारणच राहत नाही. खंडो बल्लाळांच्या बाबतीत जे झाले असते तेच इथेही होईल.

वाहिन्यांनी आणि लेखकांनी हे कधी करावे ते त्यांच्या हाती आहे. पाहणाऱ्यांच्या हाती मात्र आजच काही आहे. शाळेत, कॉलेजात, गणेशोत्सवाच्या व्याख्यानात एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीकडून काय शिकावे हे सांगताना तिच्या पराक्रमाबरोबर एका चुकीचाही विचार व्हावा: ती का झाली, तिची किंमत कोणी मोजली, आणि ती कळल्यावर त्या माणसाने काय केले. मुलगा रॅग्नारचा तुकडा दाखवायला आला तर त्याला हिडीसफिडीस न करता त्या वसाहतीचे पुढे काय झाले हे विचारावे. या सवयीने श्रद्धा पातळ होत नाही, पक्की होते. कारण मग आपण मूर्तीपुढे उभे राहून हात जोडण्यापलीकडे जाऊन त्या माणसाच्या सोबतीने चालू लागतो. उंबरखिंडीत त्या दिवशी शूर सरदारांची कमी नव्हती. मरायला तयार असलेलेही पुष्कळ असतील. पण त्या कोंडीतून हजारो माणसे जिवंत घरी गेली ती, आपण चुकलो आहोत हे भर रणात, सेनापतीच्या तोंडावर म्हणू शकणाऱ्या माहूरच्या एका बाईमुळे. तिच्या बाजूचा पराभव झाला आणि तरीही तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. हे मान्य करण्याइतके मन मोठे झाले, की आपल्या मालिकाही मोठ्या होतील.